रोज वीस युनिट सांगितले, साडेतेराच आले: एका घराच्या सोलरचा वर्षभराचा हिशेब

ताईच्या गच्चीवर सोलर बसून वर्ष झालं तेव्हा तिने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिला ठेकेदाराच्या कोटेशनचा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रोज सरासरी २० युनिट, वर्षाला ७,२२७ युनिट, सव्वापाच वर्षांत खर्च वसूल. दुसरा कागद तिच्या वहीतून फाडलेला. वर्षभर रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचा आकडा तिने उतरवून ठेवला होता आणि खाली बेरीज केली होती: ४,९६०. म्हणजे दिवसाला साडेतेराच्या आसपास.

"आपल्याला फसवलं का रे?" एवढंच तिने विचारलं.

मी वीजजोडणीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, तरी या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे देता आलं नाही. पुढचे काही आठवडे मी आणि दाजी त्या गच्चीवर, मीटरच्या पेटीपाशी आणि तिच्या वहीत बसून होतो. जे सापडलं ते सविस्तर लिहितो, कारण घरावर सोलर बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला याच वाटेने जावं लागतं आणि हिशेब कुठे चुकतो हे आधी कळलं तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

इथे पैशांचे आकडे मुद्दाम देत नाही. विजेचा दर, सोलरचा भाव, सवलती, सगळंच जागोजागी वेगळं असतं आणि बदलत राहतं. त्याऐवजी आम्ही युनिट हेच चलन मानलं. ताई वीज कंपनीच्या जाळ्यातून एक युनिट विकत घेताना जे देते ते एक नाणं. सोलरच्या पूर्ण खर्चात तिला त्याच दराने किती युनिट विकत मिळाले असते? उत्तर आलं ३८,००० युनिट. ही पद्धत कुणालाही आपल्या घरी वापरता येईल: एकूण खर्चाला आपल्या बिलातल्या प्रतियुनिट दराने भागायचं.

आधी घराची माहिती. माणसं चार. वर्षाचा वापर ५,४०० युनिट. सपाट गच्चीवर ४४० वॅटची दहा पॅनेलं, म्हणजे ४.४ किलोवॅट. सगळी एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली. इन्व्हर्टर ४ किलोवॅटचा. तोंड दक्षिणेकडे, उतार जेमतेम दहा अंशांचा. बॅटरी नाही.

७,२२७ हा आकडा आला कुठून

ठेकेदाराने खोटा आकडा लिहिला नव्हता. त्याने त्या जागेवर पडणारं ऊन घेतलं, दिवसाला चौरस मीटरमागे सरासरी ४.५ किलोवॅट-तास (एक किलोवॅट-तास म्हणजेच एक युनिट), त्याला ४.४ ने गुणलं, मग ३६५ ने. गुणाकार बरोबर आहे. पण हे उत्तर एका अशा पॅनेलचं आहे जे कधीच गरम होत नाही, ज्यावर धूळ बसत नाही आणि ज्याच्या तारांत काही हरवत नाही.

पॅनेलवर छापलेले ४४० वॅट प्रयोगशाळेतले असतात. चौरस मीटरला १,००० वॅट इतकं ऊन आणि पॅनेलमधल्या सेलचं, म्हणजे वीज बनवणाऱ्या लहान तुकड्याचं, तापमान २५ अंश, अशा ठरलेल्या स्थितीत ते मोजतात. आता भर उन्हात, हवा ३३ अंश असताना, सेल सहज ६० अंशांपर्यंत तापतो. या पॅनेलांच्या माहितीपत्रकात दर अंशामागे ०.३० टक्के घट लिहिली आहे. पस्तीस अंश जास्त म्हणजे साडेदहा टक्के कमी: ४४० चे ३९४ वॅट. सिलिकॉनचा हा स्वभावच आहे, पॅनेल कितीही भारी घेतलं तरी तो सुटत नाही, फक्त थोडा कमी होतो. म्हणून ताईच्या वहीतला सर्वांत चांगला महिना सर्वांत उकाड्याचा नव्हता. हवा गार आणि आभाळ स्वच्छ असे दोन्ही योग जुळलेला महिना पहिला आला. हे पाहून दाजींना फार आश्चर्य वाटलं. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पॅनेलला त्यातली पहिलीच हवी असते.

वर्षभराच्या सरासरीने आम्ही अशा घटी लावल्या: उष्णतेचे ८ टक्के, धुळीचे ४, इन्व्हर्टरमध्ये जाणारे ३, तारा आणि पॅनेलांमधल्या किरकोळ फरकाचे ३, काचेवरून परतणारा प्रकाश आणि सुरुवातीच्या दिवसांतली घट मिळून ३, आणि बंद राहण्याच्या वेळेचे २. या घटी एकात एक गुणायच्या असतात, बेरीज करायची नसते. गुणल्यावर १०० तले ७९ उरतात. ७,२२७ चे ७९ टक्के म्हणजे सुमारे ५,७००. या गच्चीकडून मागायचा रास्त आकडा हाच होता. रोज साधारण साडेपंधरा युनिट.

ही आकडेमोड हाताने करायची गरजही नाही. युरोपियन आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचं पीव्हीजीआयएस आणि अमेरिकेच्या एनआरईएल या प्रयोगशाळेत तयार झालेलं पीव्हीवॉट्स, दोन्ही गणकं फुकट आहेत. गच्चीची जागा, उतार, दिशा भरली की महिनावार अंदाज देतात. दोन्हींत घटीचा आकडा आपोआप १४ टक्के धरलेला असतो, पण उष्णतेचा हिशेब त्यांत वेगळा होतो आणि पीव्हीवॉट्समध्ये इन्व्हर्टरचाही, हे लक्षात ठेवायचं. सावलीचे तीन टक्केही पीव्हीवॉट्सच्या त्या चौदांतच आहेत. आपल्या गच्चीवर सावली त्याहून जास्त असेल तर आकडा स्वतः वाढवावा लागतो. कोटेशन हातात घेण्याआधी दहा मिनिटं इथे घालवली असती तर ७,२२७ पाहूनच ताईने प्रश्न विचारला असता.

म्हणजे ७,२२७ ते ५,७०० हा फरक कागदावरचा होता. ते युनिट कधी अस्तित्वातच नव्हते. खरा प्रश्न ५,७०० ते ४,९६० मधल्या ७४० युनिटांचा. ते यायला हवे होते आणि आले नाहीत.

सावली

पहिला संशय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर गेला. पॅनेलं बसवली तेव्हा सूर्य उंच होता आणि टाकीची सावली पॅनेलांपासून हातभर लांब होती. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, सावल्या लांबतात. अडीच वाजल्यापासून टाकीची सावली शेवटच्या दोन पॅनेलांवर चढायची आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच असायची.

दहातल्या दोन पॅनेलांवर थोडी सावली, म्हणजे नुकसानही थोडंच, असं कुणालाही वाटेल. पण पॅनेलं एकापाठोपाठ जोडलेली असतात, सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका सेलवर सावली आली की तो प्रवाह अडवतो. यासाठी पॅनेलच्या मागच्या डबीत साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. अडलेला भाग वगळून ते प्रवाहाला दुसरी वाट देतात. पॅनेलचा तेवढा तिसरा हिस्सा गेला तरी बाकीचं चालू राहतं, अशी ही सोय.

मात्र ही सोय उपयोगी पडायची तर इन्व्हर्टरला ती वाट शोधता यायला हवी. सावली पडली की स्ट्रिंगच्या व्होल्टेज आणि शक्तीच्या आलेखात एकाऐवजी दोन-तीन टेकड्या तयार होतात आणि इन्व्हर्टर जवळच्या लहान टेकडीवरच थांबून राहू शकतो. सगळ्यांत उंच टेकडी शोधण्यासाठी बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये सावलीच्या स्कॅनची सोय असते. ताईच्या इन्व्हर्टरमध्येही होती. बंद होती. बसवताना कुणी सुरूच केली नव्हती.

ती सुरू केल्यावर दुपारनंतरचा आलेख त्याच दिवशी सुधारला. तरी टाकी टाकीच्या जागीच होती, म्हणून ती दोन पॅनेलं गच्चीच्या दुसऱ्या कडेला हलवायचं ठरवलं. इन्व्हर्टरला दोन स्ट्रिंग जोडायची सोय होती, तेव्हा ही दोन वेगळी जोडावीत असं मला आधी वाटलं. ते चुकलं असतं. दोन पॅनेलांचं व्होल्टेज मिळून साठ-सत्तरच्या आसपास येतं आणि तेवढ्यावर असला इन्व्हर्टर सुरूच होत नाही. म्हणून नव्या जागी तीच दिशा, तोच उतार ठेवून ती जुन्याच स्ट्रिंगमध्ये ठेवली. सावलीत वर्षाला साधारण २६० युनिट जात होते असा आमचा अंदाज निघाला.

स्वच्छ दुपारी पडणारी खिंड

उरलेल्या युनिटांचं कारण मला सुचलं नव्हतं. ते ताईच्या वहीने दाखवलं. तिने काही दिवसांपुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "ऊन कडक, तरी कमी." ते दिवस मी इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये उघडून पाहिले. सकाळी आलेख गोल चढत जातो, साडेअकराच्या सुमारास सरळ शून्यावर पडतो, पाच मिनिटांनी उभा राहतो, परत पडतो. दोन वाजेपर्यंत करवतीच्या दात्यांसारखा. ढग आले तर आलेख खडबडीत होतो, पण असा शून्यावर कोसळत नाही.

इन्व्हर्टरच्या नोंदींत कारण लिहिलेलं होतं: जाळ्याचं व्होल्टेज जास्त.

घरातली वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज जाळ्यापेक्षा किंचित वर न्यावं लागतं. पाणी उताराकडे जातं तसं. भर दुपारी आसपासच्या गच्च्याही वीज बाहेर टाकत असतात, घरांमधला वापर त्या वेळी कमी असतो, आणि गल्लीतलं व्होल्टेज फुगतं. २३० व्होल्टच्या जाळ्यात वरची मर्यादा अनेक ठिकाणी दहा टक्क्यांची, म्हणजे २५३ असते. युरोपातल्या ईएन ५०१६० या मानकातही दहा टक्केच आहेत. ती ओलांडली की इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घ्यायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि मग परत जोडून पाहायचं, असा नियम. इथे तो वेळ पाच मिनिटांचा लावलेला होता.

दाजींनी मीटरपाशी व्होल्टेज मोजलं: २४९. मर्यादेच्या आत. मग इन्व्हर्टर का तुटतो? मी त्याच क्षणी गच्चीवर इन्व्हर्टरपाशी मोजलं: साडेदोनशेच्या पुढे, २५३ ओलांडून. मधले साडेचार व्होल्ट आमच्या स्वतःच्या तारेत होते.

गच्चीवरून मीटरपर्यंतची तार २८ मीटर लांब आणि ४ चौरस मिलिमीटर जाडीची होती. तांब्याच्या अशा तारेचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम. जाण्यायेण्याचे ५६ मीटर धरले तर ०.२६ ओहमच्या जवळ. चार किलोवॅटला १७.४ अँपिअर वाहतात. गुणाकार केला तर साडेचार व्होल्ट. हिशेब आणि मोजमाप तंतोतंत जुळलं तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

ती तार प्रवाह पेलायला पुरेशी होती. ती तापत नव्हती, जळणार नव्हती. बसवणाऱ्याने तेवढंच पाहिलं असणार. सोलरच्या तारेला मात्र आणखी एक परीक्षा असते: तिच्यात किती व्होल्ट चढतात? तिथे १० चौरस मिलिमीटरची तार टाकली आणि चढ १.८ व्होल्टवर आला. २४९ अधिक १.८, म्हणजे २५०.८. दुपारची खिंड बुजली. शिवाय पूर्ण भारावर तारेतच जिरणारे ७८ वॅट ३१ वर आले. खिंडींमध्ये वर्षाला अंदाजे ४०० युनिट जात होते, म्हणजे सावलीपेक्षाही जास्त. गच्चीवर येणाऱ्या कुणालाही सावली डोळ्यांना दिसते. हे नुकसान आलेख उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून सोलर असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारचा आलेख एकदा तरी पाहा. काही कामं आपल्या हातात नसतात, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज खाली आणणं वीज कंपनीकडेच असतं. तशी लेखी विनंती मोजलेल्या आकड्यांसह करावी. पण आधी आपली तार तपासावी.

राहिलेले ऐंशी युनिट धुळीचे धरले. उतार दहा अंशांचाच असल्याने पाणी खालच्या पट्टीपाशी साठतं आणि सुकल्यावर तिथे चिखलाची रेघ राहते, नेमकी सेलच्या खालच्या ओळीवर. ताई आता सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने ती रेघ पुसते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि घासणी वापरू नये. एवढी काळजी पुरते.

दुसऱ्या वर्षाची बेरीज ५,५६० आली. सहाशे युनिट परत मिळाले.

तरी बिल का आलं

इथपर्यंत येऊन ताईचा प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही, कारण तिचं मूळ दुःख युनिटांचं नव्हतं, बिलाचं होतं. तिला "बिल शून्य" असं सांगण्यात आलं होतं.

नव्या मीटरवर दोन आकडे आलटून पालटून येतात. बऱ्याच मीटरांवर त्यांच्याशेजारी १.८.० आणि २.८.० असे संकेत असतात: पहिला जाळ्यातून घेतलेल्या युनिटांचा, दुसरा जाळ्यात दिलेल्या. पहिल्या वर्षी दिलेले होते ३,०६०. इन्व्हर्टरने बनवलेले ४,९६०. वजाबाकी केली तर १,९०० युनिट घराने थेट वापरले. घेतलेले ३,५००. १,९०० आणि ३,५०० मिळून ५,४००, म्हणजे वर्षाचा पूर्ण वापर. ही साधी वजाबाकी कुणीही करून पाहिली नव्हती आणि सगळं प्रकरण तिच्यातच दडलेलं होतं.

दिलेल्या युनिटाचं मोल काय, हे तिथल्या नियमावर ठरतं. काही ठिकाणी नेट मीटरिंग असतं: एक दिला तर एक परत. काही ठिकाणी नेट बिलिंग: घेताना पूर्ण दर, देताना कमी. काही ठिकाणी ग्रॉस मीटरिंग: बनवलेली सगळीच वीज ठरल्या दराने विकायची आणि वापरासाठी सगळी विकत घ्यायची. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या जोडण्यांना नेट बिलिंग लागू झालं. नेदरलँड्समध्ये एकास एक वजावट १ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचा कायदा झाला आहे. ताईच्या जोडणीलाही नेट बिलिंगच होतं आणि दिलेल्या युनिटाला घेतलेल्याच्या ४० टक्के मोल मिळत होतं. करारात ते लिहिलेलं होतं. कोटेशनमध्ये मात्र प्रत्येक युनिट पूर्ण मोलाचं धरलं होतं.

आता एकेक पायरी पाहू. ठेकेदाराच्या आकड्याने ३८,००० भागिले ७,२२७: सव्वापाच वर्षं. उत्पादन रास्त धरलं, ५,७००: पावणेसात वर्षांच्या आत. सावली आणि तारेचं नुकसान धरलं, ४,९६०: साडेसातहून थोडं जास्त. आणि दिलेल्या युनिटांचं खरं मोल धरलं, म्हणजे थेट वापरलेले १,९०० अधिक ३,०६० चे ४० टक्के १,२२४, एकूण ३,१२४: बारा वर्षांहून जास्त.

उष्णता, धूळ, सावली, तार या सगळ्यांनी मिळून वसुली अडीच वर्षांनी लांबवली. एका ओळीच्या नियमाने साडेचार वर्षांनी. आम्ही आठवडे घालवले गच्चीवर, आणि मोठी गळती खाली मीटरच्या पेटीत होती.

हे पाहिल्यावर ताईने स्वतःच पुढचा प्रश्न विचारला, "मग दुपारीच जास्त वापरलं तर?"

तेच केलं. गीझरला टायमर लावला. पाणी आता साडेअकरा ते दीडमध्ये तापतं आणि टाकीला चांगलं आवरण असल्याने रात्रीपर्यंत पुरतं. सकाळी थोडं परत तापवावं लागतं. रोज साधारण २.२ युनिट रात्री-पहाटेतून दुपारात आले, वर्षाला ८००. कपडे धुणं, इस्त्री, पाणी वर चढवणं हेही दुपारी आलं, त्यातून २०० च्या आसपास. एका वेळी एकच मोठं यंत्र चालवायचं, हा नियम ताईने घरात सगळ्यांना लावला, कारण गीझर आणि इस्त्री एकदम लावली तर जास्तीची वीज जाळ्यातूनच येते. दुसऱ्या वर्षी थेट वापर २,९०० झाला. दिलेले २,६६०, त्यांचं मोल १,०६४. एकूण ३,९६४. पहिल्या वर्षापेक्षा ८४० जास्त. त्यातले सहाशे, म्हणजे एक हजार युनिटांना प्रत्येकी ०.६ जास्त, निव्वळ वेळ बदलल्याचे. नवं काहीच बसवलं नाही, एक टायमर सोडला तर.

दोन्ही वर्षं आणि दुरुस्तीचा खर्च (सुमारे ९०० युनिटांइतका) धरून, पॅनेलांची घट वर्षाला अर्धा टक्का मानून, वसुली आता सव्वादहा वर्षांच्या आसपास जाते. अर्धा टक्का हा आकडा हवेतला नाही. एनआरईएलच्या डर्क जॉर्डन आणि सारा कर्ट्झ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात जगभरच्या सुमारे दोन हजार मोजमापांचा मध्यक एवढाच निघाला होता. पॅनेलं पंचवीस वर्षांहून जास्त टिकतात, इन्व्हर्टर मात्र साधारण दहा ते पंधरा. दुरुस्ती न करता बारा वर्षांच्या हिशेबावर राहिलो असतो तर वसुली होता होताच नव्या इन्व्हर्टरचा खर्च आला असता आणि आणखी दोन वर्षं गेली असती.

बिल आजही शून्य नाही. घेतलेले २,५०० वजा १,०६४, आणि वर स्थिर आकार, जो एकही युनिट न घेता द्यावाच लागतो. पण पूर्वीच्या ५,४०० च्या जागी हे १,४३६ युनिटांचं बिल आहे. ताईला ते पटलं, कारण प्रत्येक आकडा तिच्या वहीतला होता.

लहान संच घेतला असता तर? आणि बॅटरी?

एवढी वीज अर्ध्याहून कमी मोलाने बाहेर जाते, तर संच लहानच घ्यायला हवा होता, असं मी ठामपणे म्हणणार होतो. त्याच ठेकेदाराचं सात पॅनेलांचं जुनं कोटेशन सापडलं, ३०,००० युनिटांचं. उत्पादन ३,८९० धरलं, त्यातला २,५०० थेट वापर, उरलेल्या १,३९० चे ५५६. मिळून ३,०५६. वसुली ९.८ वर्षं. दहा पॅनेलांची, दुरुस्तीनंतरच्या आकड्यांनी, ९.६. फरक नाहीच, उलट मोठा संच किंचित बरा.

कारण कोटेशनच्या फोडीत दिसतं. १०० भागांपैकी पॅनेलं फक्त ३०, इन्व्हर्टर १७, लोखंडी सांगाडा १४, तारा-पेट्या-अर्थिंग ११, मजुरी-वाहतूक १५, परवाना आणि मीटर ८, बाकी किरकोळ ५. तीन पॅनेलं कमी केली म्हणून वायरमनची फेरी, अर्थिंगचा खड्डा किंवा मीटरचा अर्ज कमी होत नाही. मी माझं मत मागे घेतलं.

बॅटरीचा आग्रह दाजींचा होता, कारण वीज गेली की सोलरही बंद पडतं हे त्यांना खटकायचं. भर उन्हात दिवे नाहीत, हे खटकणारच. पण तो दोष नाही. जाळं बंद असताना घरातून वीज बाहेर गेली तर खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टरने थांबायचंच असतं. जाळ्यापासून घर वेगळं करून चालवणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी ही वेगळी, जास्त खर्चाची व्यवस्था.

त्या व्यवस्थेचं कोटेशन १६,००० युनिटांचं आलं. बॅटरीत घातलेल्या एका युनिटातले ०.९ परत मिळतात, आणि ते युनिट जाळ्यात दिलं असतं तर ०.४ मिळाले असते. म्हणजे फायदा ०.५. वर्षाला १,३०० युनिट फिरवले तर ६५०. वसुली साडेचोवीस वर्षांची, आणि हमी दहा वर्षांची. त्यांच्या घरी वीज क्वचितच जाते, तेव्हा तूर्त नको असं ठरलं. जिथे रोज चार तास वीज नसते तिथे हा हिशेब असा करून चालणार नाही, तिथे अंधाराचंही मोल धरावं लागेल.

दाजींनी वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. दिलेल्या युनिटाचं मोल ०.२ वर आलं, आणि बॅटरी ८,००० युनिटांत मिळाली, तर वर्षाला ९१० वाचतील आणि नऊ वर्षांच्या आत खर्च निघेल. दोन्ही घडलं त्या दिवशी ते पुन्हा कोटेशन मागवणार आहेत.